लग्नाआधी मैत्रिणींबरोबर एक वीकेंड बुडापेस्टला: कोणी गेलंय का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या शेवटच्या मैत्रिणीचं मार्गशीर्षात नाशिकला लग्न आहे. नवरा बंगळुरूचा, लग्नानंतर ती लंडन सोडून तिकडेच जाणार. आम्ही सहाजणी. नवरी धरून चौघी लंडनच्या आसपास, एक म्युनिकला आणि एक पुण्याला. पुणेकरीण ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाने फ्रँकफर्टला येतेय, त्यामुळे एकत्र भेटायची ही एकच संधी आहे. लग्नात तर नवरीशी धड दोन वाक्यं बोलायला मिळत नाहीत हे सगळ्यांना माहितीय, ती पाटावर आणि आपण पंगतीत.

नवरात्रात दोघींचे उपास असतात म्हणून दसरा झाल्यावरचा वीकेंड धरलाय, शुक्रवार २३ ऑक्टोबर ते रविवार २५ रात्र. डोक्यात बुडापेस्ट आहे. लंडनहून अडीच तासांचं विमान, गरम पाण्याची कुंडं, नदी, आणि पॅरिसच्या मानाने खर्च आटोक्यात. दोघी शुद्ध शाकाहारी, तिघी दारू पीत नाहीत. खांद्यावरून पट्टा, डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट आणि रस्त्यात आरडाओरडा हे आम्हाला कुणालाच नकोय. नवरीला शेवटपर्यंत काही कळू द्यायचं नाही असं ठरलंय.

प्रश्न असा की अडीच दिवसांत काय बघावं, कुठल्या भागात राहावं, आणि बुडापेस्टच बरं की दुसरं काही?

चहाबाज

वाचतेय. माझ्या मावसबहिणीचं पुढच्या वर्षी आहे, तेव्हा सगळे प्रतिसाद जपून ठेवणार.

जायफळ

पाऊलवाट, पहिला प्रश्न: सहाजणींचे पासपोर्ट कुठले? इंग्लंडात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना हंगेरीत जायला शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतो, इथला वर्क व्हिसा तिकडे चालत नाही. म्युनिकच्या मैत्रिणीकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर तिला काही करायला नको, ती नुसती विमानात बसली की झालं. पुण्याच्या मैत्रिणीला कामासाठी शेंगेन मिळेल, पण त्यावर किती दिवस आणि किती एंट्री मिळतात ते बघायला सांगा, आणि मुख्य मुक्काम जर्मनीत असेल तर अर्ज जर्मनीकडेच करायचा, हंगेरीकडे नाही.

आता नवरी. ती भारतीय पासपोर्टवर असेल तर सरप्राइज विसरा. अर्जावर सही तिचीच लागते, बोटांचे ठसे द्यायला तिलाच जावं लागतं (मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात, पण अर्ज तरी तिचाच). बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं पत्र, ३० हजार युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा, हे सगळं तिच्या पाठीमागे कसं गोळा करणार? फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरची फी वेगळी. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांत निकाल लागतो पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि खरी मारामारी अपॉइंटमेंटसाठी असते. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा आजच्या आज स्लॉट शोधायला घ्या.

माझं मत, आणि हे मी सगळ्याच ग्रुप ट्रिपबद्दल सांगते: शहर सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त अडलेलं कोण आहे ते बघायचं, व्हिसाने, पैशाने, सुट्टीने, तब्येतीने. तिला जमेल तेच शहर. नाहीतर होतं काय की पाचजणींची तिकिटं निघतात आणि जिच्यासाठी निघाली तिचाच पासपोर्ट सेंटरमध्ये पडून असतो.

पाऊलवाट

जायफळ, बापरे. दोघी ब्रिटिश पासपोर्टवर आहेत, मी आणि नवरी भारतीय. माझ्याकडे शेंगेन आहे डिसेंबरपर्यंत. तिच्याकडे नाही. आज रात्रीच तिला फोन करून सांगते, सरप्राइज आता सोडून देऊ.

सह्यभटका

व्हिसा नाहीच मिळाला तर इंग्लंडच्या वैध व्हिसावर भारतीयांना सर्बियात वेगळा व्हिसा लागत नाही. तिथल्या बेलग्रेडला पण बुडापेस्टसारखी डॅन्यूब नदीच आहे, सावा नदी तिथेच येऊन मिळते, संगमावर कालेमेगदानचा किल्ला आहे आणि तिथून दिसणारा सूर्यास्त झकास. तुर्कस्तानचा ई-व्हिसा पण यूके व्हिसा असणाऱ्यांना ऑनलाइन मिळू शकतो, म्हणजे इस्तंबूल आहेच. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर स्वतः बघा. आणि परत लंडनला येताना तुमचा यूकेचा ई-व्हिसा ज्या पासपोर्टला जोडलाय तोच जवळ आहे ना ते बघा, नवीन पासपोर्ट घेतलेल्यांची तिथे अडचण होते.

आजोळ

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. आमच्या वेळी लग्न ठरलं की केळवणं व्हायची. मामाकडे, आत्याकडे, शेजारच्या काकूंकडे. ताटाभोवती रांगोळी, अळूचं फदफदं, जिलबी, आणि निघताना हातात साडी नाहीतर खण-नारळ. मैत्रिणी रुखवताला बसायच्या. माझ्या रुखवतातली क्रोशाची तोरणं माझ्या दोन मैत्रिणींनी रात्र रात्र जागून विणली होती, अजून माझ्याकडे आहेत. आता मुलीला सुट्टी मुळात थोडी, त्यात लग्नाची खरेदी, घर आवरणं. त्यात परदेशात जाऊन नेमकं काय साधायचं? नवरीची दमछाक नको एवढंच म्हणणं.

शेवगा

आजोळ, केळवण हवंच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण केळवण घरच्यांचं असतं. तिथे नवरी पाटावर बसते आणि सगळ्यांना हसून उत्तरं देते, "नवरा काय करतो, सासरी कोण कोण आहे, मग आता नोकरीचं काय". मैत्रिणींबरोबर ती जे बोलेल ते आत्याच्या घरी बोलणार नाही. तुमच्या मैत्रिणी रात्र रात्र जागून तोरणं विणत होत्या तेव्हा नुसती सुई चालत नसणार, तोंडंही चालत असणारच की. आता सगळ्या तीन देशांत पांगलेल्या, एकीच्या घरी जमायचं तरी विमानच लागतं.

आजोळ

शेवगा, हे पटलं. तोंडं चालायचीच. माझ्या आईने दोनदा येऊन दिवा मालवला होता.

कोकणकडा

आम्ही मित्र मित्र प्रागला गेलो होतो, नवरदेव धरून आठजण. शहर फार सुंदर, पण जुन्या भागात शुक्रवारी रात्री चालवत नाही, अर्धा युरोप तिथे बॅचलर पार्टीला आलेला. बिअर पाण्याच्या भावात म्हणून लोक येतात. शेवटी प्राग महापालिकेने २०२४ च्या ऑक्टोबरात रात्री १० ते सकाळी ६ गाइड घेऊन फिरवायच्या पब क्रॉलवर बंदी घातली. अ‍ॅमस्टरडॅमने तर २०२३ मध्ये ब्रिटिश तरुणांसाठी सरळ जाहिरात काढली की असल्या पार्टीसाठी येऊ नका. पोलंडच्या क्राकोवमध्ये मध्यरात्रीनंतर दुकानात दारू विकत नाहीत. आणि त्यांचं काय चुकलं सांगा? आपल्या बिल्डिंगखाली दर शनिवारी पहाटे तीनला कुणी गाणी म्हणत उलट्या करत असेल तर आपण पण पोलीसच बोलावू.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार्ल्स पुलावर गेलो. गर्दी नाही, नदीवर धुकं, आणि नवरदेव पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला की वडील जाऊन वर्ष झालंय आणि लग्नात त्यांच्या जागी कोण बसणार याचा त्याला ताण आलाय. आदल्या रात्रीच्या पाच पबमध्ये हे निघालं नव्हतं. त्यामुळे पाऊलवाट, तुमचं पट्टा-मुकुट नको हे धोरण एकदम बरोबर.

बुडाकाठ

मी बुडापेस्टला राहतो, नोकरीसाठी आलो आणि रमलो. जरा सविस्तर लिहितो.

आधी तारीख. २३ ऑक्टोबर हा इथला राष्ट्रीय दिवस आहे, १९५६ च्या उठावाचा स्मृतिदिन. शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतील, पार्लमेंटच्या चौकात कार्यक्रम असतो, काही रस्ते बंद. वाईट काही नाही, उलट बघण्यासारखं असतं, ध्वजाच्या मधोमध भोक पाडलेले झेंडे दिसतील, उठावातल्या लोकांनी कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं होतं त्याची ती खूण. पण खरेदी आणि मोठा बाजार शनिवारवर टाका. नाज्यवाशारचार्नोक म्हणजे इथली मोठी मंडई, १८९७ ची. दुसरी गोष्ट, २५ तारखेला पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे शनिवारची रात्र तुम्हाला एक तास जास्त मिळणार. गप्पांना घ्या.

विमानतळावरून १००ई बस थेट देआक चौकात आणते, पण तिचं तिकीट वेगळं असतं, साधं तिकीट त्यात चालत नाही. साध्या तिकिटावर यायचं तर २००ई बस आणि पुढे निळी मेट्रो. पहिल्यांदा उतरताना ब्रिटिश पासपोर्टवाल्या मैत्रिणींचे ठसे-फोटो आणि तुमचा फोटो नव्या ईईएस यंत्रणेत (बाहेरच्या लोकांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या) घेतील, म्हणून लगेच रात्रीच्या जेवणाचं बुकिंग ठेवू नका. म्युनिकवालीला त्यातून सूट आहे, ती तुमच्या आधी हॉटेलवर पोचेल.

राहायचं कुठे? सगळे शहराच्या सातव्या जिल्ह्यात म्हणजे विभागात घेतात, कारण काझिन्त्सी रस्ता आणि पडक्या वाड्यांतले ते रुइन बार तिथेच. हा जुना ज्यू मोहल्ला. युद्धात आणि नंतर कम्युनिस्ट काळात इथल्या इमारती ओस पडल्या, २००० नंतर पोरांनी त्यांच्या चौकात जुनी खुर्च्या-टेबलं टाकून बार सुरू केले, सिंप्ला केर्त हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. बघा जरूर, पण रविवारी सकाळी जा. तेव्हा तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो, मध, चीज, लोणची, ताजा पाव, आणि दारूचा वास नाही.

इथल्या जुन्या इमारती बघून मला पहिल्या दिवशी गिरगाव आठवलं होतं. मध्ये चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं, अगदी आपल्या चाळीसारखी. फुलांच्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे, दारात स्टूल टाकून बसलेली आजी. आता त्यातल्या निम्म्या खोल्या पर्यटकांना भाड्याने. तुम्ही पहाटे दोनला चाकांच्या बॅगा ओढत आलात की अख्ख्या गॅलरीला ऐकू जातं. याच त्रासाला कंटाळून शेजारच्या सहाव्या जिल्ह्याने मतदान घेतलं आणि २०२६ च्या जानेवारीपासून तिथे घरं अशी अल्पमुदतीने भाड्याने द्यायला बंदी आहे. तेव्हा सहाव्या जिल्ह्यात कुणी फ्लॅट देतो म्हणाला तर पैसे भरू नका. सहाजणींना मी पाचव्या किंवा नवव्या जिल्ह्यात साधं हॉटेल सुचवेन.

कुंडांबद्दल रात्री लिहितो, आत्ता मीटिंग.

तळ्यातमळ्यात

बुडाकाठ, काय सुरेख प्रतिसाद. चाळीची गोष्ट वाचून लगेच फोटो शोधून बघितले. खरंच की हो!

रातराणी

मी नवरीच्या बाजूने लिहिते. माझ्या मैत्रिणींनी मला असंच नेलं होतं, शहर कुठलं ते महत्त्वाचं नाही. प्रेमाने सगळं ठरवलेलं. शुक्रवारी पोचल्या पोचल्या नावेतून फेरी, शनिवारी सकाळी सायकल टूर, मग ब्रंच, मग फोटोशूट, मग कॉकटेलचा क्लास, रात्री क्लब, रविवारी पुन्हा वॉकिंग टूर. सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट. आणि मी त्या आठवड्यात रोज रात्री एकपर्यंत घरच्यांशी फोनवर भांडत होते, हॉल, पाहुण्यांची यादी, देणंघेणं. मला झोप हवी होती हो. शनिवारी दुपारी चारला मी बाथरूममध्ये दार लावून रडले, आणि बाहेर मैत्रिणी "चल चल, उशीर होतोय" करत होत्या.

मग एकीच्या लक्षात आलं. तिने बाकीच्यांना क्लासला पाठवलं आणि माझ्यापाशी थांबली. आम्ही दोघी हॉटेलच्या खोलीत गादीवर पालथ्या पडून सुपरमार्केटमधली द्राक्षं खाल्ली आणि मी तिला विचारलं की तुला लग्नाआधी अशी भीती वाटली होती का. तिने खरं उत्तर दिलं. तेवढ्यासाठी मी आजही तिची ऋणी आहे.

म्हणून सांगते, नवरीला आता कळणारच आहे तर तिलाच विचारा की तुला काय नकोय. आणि शनिवारची एक अख्खी दुपार कोरी सोडा.

शेवगा

रातराणी, +१००. डोळ्यात पाणी आलं.

गाभुळचिंच

शाकाहारी म्हणून लिहिते. हंगेरीत सूप शाकाहारी दिसलं तरी त्यात मांसाचा रस किंवा डुकराची चरबी असू शकते, विचारूनच घ्या. "हूश नेल्क्यूल" म्हणजे मांसाशिवाय, हे फोनमध्ये हंगेरियनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा, उच्चारात वेळ घालवू नका. लांगोश मिळेल सगळीकडे, तळलेली जाडजूड पुरी, वर लसूणपाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघींत पुरतं. फझेलेक म्हणजे भोपळ्याची किंवा वाटाण्याची दाटसर भाजी, आपल्या जिभेला बरी वाटते. वर सॉसेज ठेवून देतात तेवढं नको म्हणायचं. लेचो म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटोची भाजी, पण त्यातही चरबी-सॉसेज आहे का विचारा. आणि क्युर्तोश्कालाच! लाटलेल्या कणकेची पट्टी लाकडी लाटण्याला गुंडाळून, साखरेत घोळून निखाऱ्यावर फिरवत भाजतात. लाटण्यावरून काढतात तेव्हा आतून वाफ निघत असते, साखरेचा कडक पापुद्रा होतो आणि सुटत सुटत लांब पट्टी हातात येते. सहाजणींनी उभं राहून एकच घेऊन ओढत खायचं.

थेपले-चटणी न्या असं सांगणाऱ्यांना मी आडवं जाणार नाही, पहिल्या रात्रीपुरते न्याच.

सह्यभटका

थेपले काय, दशम्या न्या, शेंगदाण्याची चटणी न्या! जाता जाता, भारतातून जाणाऱ्यांसाठी एक माहिती. २०२४ पासून युरोपने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम बदललाय, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो. पुण्याच्या मैत्रिणीला उपयोगी पडेल. नाहीतर आमच्यासारख्यांना बँकॉक आहेच, मुंबईहून चार-साडेचार तास. शनिवारी चातुचाकचा बाजार, संध्याकाळी चाओ फ्रायावर साध्या प्रवासी बोटीतून वात अरुण बघायचं. नवरदेवाबरोबर आम्ही तेच केलं, अतिशय सुंदर झालं.

हिशेबनीस

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. अशा ट्रिपमध्ये मैत्री बिघडते ती इथेच. इंग्लंडात पद्धत अशी की नवरीचा खर्च बाकीच्या वाटून घेतात. ठीक आहे, पण ते पहिल्या दिवशी उघड सांगा. एकीचा पगार दुसरीच्या दुप्पट असतो, एकीवर घराचं कर्ज असतं, एकजण आत्ताच नोकरी सोडून बसलेली असते आणि ग्रुपवर "हो हो चालेल" लिहिते कारण नाही म्हणायची लाज वाटते. माझ्या बहिणीने असंच तीन महिने क्रेडिट कार्डाचे हप्ते फेडले.

तेव्हा एकूण आकडा काढा, विमान, हॉटेल, कुंड, जेवणं, व्हिसा-विमा सगळं धरून, आणि ग्रुपवर टाकायच्या आधी प्रत्येकीला वेगळा फोन करा. कमी जमणारी जो आकडा सांगेल तो सगळ्यांचा आकडा. जायफळने म्हटलंय तेच, सगळ्यात अडलेल्या व्यक्तीपासून सुरुवात.

विमानाच्या तिकिटात बॅग धरलीय का तेही बघा. एका स्वस्त एअरलाइनने गेटवर आमच्या बॅगेचं चाक मापाच्या खोक्याबाहेर येतंय म्हणून तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतले होते. आणि हंगेरीत कार्ड मशीन विचारेल की पाउंडात घेऊ की फोरिंटमध्ये, तर कायम फोरिंट. पाउंड दाबलं की दर त्यांच्या मनाचा लागतो.

जायफळ

हिशेबनीस, अनुमोदन. शिवाय नवरीचा व्हिसा नाकारला गेला तर काय, हेही आधीच ठरवा. रद्द करता येणारं हॉटेल थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

बुडाकाठ

आलो परत. आता कुंडं.

सेचेनी हे सगळ्यात मोठं, १९१३ चं, सिटी पार्कात. पिवळ्या रंगाची राजवाड्यासारखी इमारत आणि मधोमध उघड्यावर गरम पाण्याचे तलाव. तिथे जायला पिवळी मेट्रो घ्या, १८९६ ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. छोटे छोटे डबे, पांढऱ्या फरशांची स्टेशनं, आणि कुंडाच्या नावाचंच स्टेशन.

आत गेल्यावर मनगटात घड्याळासारखा पट्टा देतात. कपडे बदलायची केबिन किंवा लॉकर त्याच पट्ट्याने उघडतं, काढून ठेवू नका. स्विमसूट, टॉवेल आणि रबरी चपला घरूनच आणा, फरशी निसरडी असते आणि तिथे घेतलं तर महाग. पोहायच्या तलावात टोपी सक्तीची, गरम तलावात नाही. गरम तलाव साधारण ३८ अंशाचा. ऑक्टोबरात सकाळी हवा आठ-दहा अंश असते, त्यामुळे दारातून तलावापर्यंतची वीस पावलं कुडकुडत पळायचं आणि एकदम गळ्यापर्यंत आत. पाण्यावर इतकी वाफ असते की समोरच्याचं नुसतं डोकं दिसतं. कडेला म्हातारे आजोबा छातीपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत असतात, बाजूला चार जण मान घालून बघत असतात. डाव मोडायचा नाही, फोटो विचारून काढायचा.

शनिवारी दुपारी तिथे जत्रा असते. सकाळी उघडल्या उघडल्या जा. शनिवारी रात्रीच्या कुंडातल्या डीजे पार्ट्यांचं तुमच्यासारख्यांना मी सुचवणार नाही. गेलेर्त कुंडाचं नाव जुन्या ब्लॉगवर वाचाल, ते २०२५ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. दुसरं चांगलं म्हणजे रुदाश, तुर्कांनी सोळाव्या शतकात बांधलेलं. मध्ये अष्टकोनी कुंड, वर घुमट, घुमटात छोटी छोटी भोकं आणि त्यातून येणारे उजेडाचे झोत. तिथे काही दिवस फक्त बायकांसाठी नाहीतर फक्त पुरुषांसाठी असतात, वीकेंडला सगळ्यांसाठी, पण जायच्या आधी वेळापत्रक बघा. गच्चीवर एक गरम कुंड आहे, त्यात बसून डॅन्यूब दिसते. कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल किंवा कुणी गरोदर असेल तर डॉक्टरला विचारून मगच.

संध्याकाळी महागड्या जेवणाच्या क्रूझऐवजी २ नंबरची ट्राम पकडा. पेस्टच्या काठाने जाते (नदीच्या एका काठाला पेस्ट, पलीकडे बुडा), बाहेर बुडाचा राजवाडा, साखळी पूल, पुढे पार्लमेंट, सगळं दिव्यांत. साध्या तिकिटात.

पार्लमेंटच्या जवळ काठावर लोखंडी बुटांच्या जोड्या ठेवलेल्या दिसतील. १९४४-४५ मध्ये इथल्या फॅसिस्टांनी ज्यू लोकांना नदीकाठी उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्यांचं ते स्मारक. लोक तिथे त्या बुटांत पाय घालून फोटो काढतात. कृपा करून तुम्ही तसं करू नका, दोन मिनिटं गप्प उभ्या राहा.

कोकणकडा

बुडाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. क्राकोवला पार्टीला आलेले ग्रुप मधल्या दिवशी आउशवित्झ (नाझींची छळछावणी) "करून" येतात, आदल्या रात्रीची झिंग उतरायच्या आत. मला ते सहन होत नाही. तिथे जायचं तर त्यासाठीच जावं.

पंचगंगा

क्राकोवचा विषय निघाला म्हणून. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. वॉर्सामध्ये त्याची आठवण म्हणून कोल्हापूरचं स्मारक आहे. पोलंडला गेलात तर नक्की बघा. धाग्याशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

तळ्यातमळ्यात

संबंध कसा नाही, कोल्हापूरकर कुठल्याही धाग्यावर कोल्हापूर आणतातच, आणि प्रत्येक वेळी माहिती पक्की असते. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या!)

चहाबाज

नवरीसाठी उखाणे तयार करून न्या ना! नाशिकला मांडवात घेता येतील. माझा पहिला:

डॅन्यूबच्या दोन काठांना जोडतो साखळीचा पूल,
अमुकरावांच्या नावाने केसात माळते फूल.

शेवगा

वा! हा घ्या दुसरा:

गरम पाण्यात आजोबा खेळतात बुद्धिबळ,
अमुकरावांचं नाव घ्यायला मैत्रिणींचं बळ.

आजोळ

दोन्ही सुरेख. शेवगाताईंचा मांडवात जास्त चालेल. आणि पाऊलवाट, एक सुचवते. रात्री हॉटेलवर तिचं छोटंसं केळवण करा. एक ओढणी अंथरा, तिला मध्ये बसवा, कुंकू लावा, थेपले-दशम्या वाढा आणि एखादा गोड पदार्थ तिथला घ्या, ती निखाऱ्यावरची पट्टी घ्या. साडी नेऊ नका, बॅगेचे पैसे पडतील. खण न्या, हलका असतो.

रातराणी

आजोळ, हे किती छान सुचवलंत. पाऊलवाट, हे नक्की करा.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय ठरलं ते लिहिते.

नवरीला फोन केला. आधी ओरडली, "तुम्ही माझ्या पाठीमागे काय काय करताय", मग दोन मिनिटांनी म्हणाली की तिला कुठेही न्या पण फोटोशूट नको आणि सासरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही फोटो जाता कामा नये. तिला काय हवंय विचारलं तर म्हणाली गरम पाणी आणि झोप. म्हणजे बुडापेस्टच.

व्हिसाची अपॉइंटमेंट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली मिळालीय. तिचा व्हिसा हातात येईपर्यंत कुणीही तिकीट काढायचं नाही, दर वाढले तरी चालतील, हे सगळ्यांनी मान्य केलं. नाही आला तर ब्रायटनला समुद्रावर घर घ्यायचं, पुण्याच्या मैत्रिणीचा यूके व्हिसा नाही म्हणून ती आणि म्युनिकवाली तिथून व्हिडिओवर. मला ते फारसं आवडलेलं नाही, पण आत्ता दुसरा मार्ग दिसत नाही.

पैशांसाठी हिशेबनीस यांनी सांगितलं तसे वेगळे फोन केले, आणि एक गोष्ट कळली जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती, एकीची नोकरी जूनमध्येच गेलीय. आकडा खाली आणला, क्रूझ काढली, २ नंबरची ट्राम घातली. तिचं तिकीट मी काढतेय, ती मला लग्नानंतर सावकाश देईल.

शनिवारी सकाळी सेचेनी, दुपार कोरी, रात्री केळवण. रविवारी सिंप्लाचा बाजार आणि नदीकाठ. शुक्रवारी संध्याकाळी काय करावं ते अजून मोकळं आहे.

जायफळ

ब्रायटन कशाला? व्हिसा नाही आला तर पुण्याच्या मैत्रिणीचं फ्रँकफर्टचं तिकीट परतताना इस्तंबूलमार्गे काढता येतंय का बघा. वैध शेंगेनवर तिलाही तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, म्युनिकवालीलाही जर्मन परमिटवर मिळतो, तुम्हा दोघींना यूकेच्या व्हिसावर मिळू शकेल. सहाच्या सहाजणी एका जागी. आणि हमामही आहेत.

पाऊलवाट

जायफळ!! हे डोक्यातच आलं नव्हतं. ग्रुपवर टाकलं, म्युनिकवालीने लगेच विमानं बघायला घेतली.

बुडाकाठ

इस्तंबूल छानच, पण व्हिसा येवो आणि इकडेच या. शुक्रवारी संध्याकाळसाठी: अंधार पडला की बुडाच्या बाजूला बात्त्यानी चौकात लाल मेट्रोने उतरा. बरोबर समोर, नदीपलीकडे, अख्खं पार्लमेंट दिसतं, २६८ मीटर लांब. काठावर बसायला जागा आहे, पैसे लागत नाहीत. जाकीट जाड आणा, वारा असतो.

गाभुळचिंच

आणि दशम्या तिथेच काढा.